आवाजातून वीज : हिशेब मायक्रोवॉटचा

नवी दिल्ली : पुलाच्या तुळईतील भेग रुंदावते आहे का, यावर नजर ठेवणारा संवेदक, म्हणजेच सेन्सर, आता काडेपेटीहून लहान झाला आहे. त्याला तार लागत नाही; मोजलेला आकडा तो रेडिओलहरींवरून धाडतो. कारखान्यातील उंचावरच्या वाफेच्या नळीवर, बोगद्याच्या छताला, धान्याच्या कोठारात असे संवेदक बसवणे सोपे आणि स्वस्त झाले आहे. अवघड राहिली आहे ती त्यांची बॅटरी बदलणे. नाण्याएवढी बॅटरी काही रुपयांना मिळते. पण ती बदलण्यासाठी पुलाखाली मचाण बांधावे लागते, चालते यंत्र थांबवावे लागते आणि संवेदक माणसाच्या शरीरात असेल तर शस्त्रक्रिया करावी लागते. संपलेल्या बॅटऱ्यांची विल्हेवाट हा वेगळाच प्रश्न. त्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये स्वतंत्र नियम केले.

बॅटरीविना, भोवतालच्या ऊर्जेवर संवेदक चालवण्याचे प्रयत्न म्हणूनच जगभर सुरू आहेत. ऊन, तापमानातील फरक, यंत्रांची कंपने आणि आवाज हे त्यातील प्रमुख स्रोत. यांपैकी आवाजाची कल्पना मनाला सर्वाधिक भुरळ घालते, कारण आपल्या शहरांत त्याचा तुटवडा नाही. रस्त्यावरच्या गोंगाटातून वीज मिळणार, अशा मथळ्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्यामागचे विज्ञान खरे असते. वाचकाने त्यातून काढलेला अर्थ मात्र बहुधा खरा नसतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा संभवतात, हे आकडे मांडल्यावर कळते.

कान आपल्याला फसवतो

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात होणारे सूक्ष्म चढउतार. निरोगी मानवी कानाला ऐकू येणाऱ्या अगदी क्षीण आवाजाची ऊर्जा एका चौरस मीटरवर एका वॉटच्या एक लाख कोटीव्या भागाएवढी असते. डेसिबलची मोजपट्टी येथूनच सुरू होते आणि दर १० डेसिबलला ऊर्जा दहापट होते. इतके संवेदनशील इंद्रिय लाभल्यामुळे आपल्याला गोंगाट बलाढ्य वाटतो. प्रत्यक्षात तो दुबळा असतो.

देशातील ध्वनिप्रदूषण नियमांनुसार, २००० सालापासून, औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ डेसिबलची मर्यादा आहे. या पातळीच्या आवाजात एक चौरस मीटरचा फलक ठेवला, तर त्यावर सुमारे ३० मायक्रोवॉट, म्हणजे एका वॉटच्या दहा लाख भागांतील ३० भाग, एवढीच ऊर्जा पडते. भर दुपारचे ऊन त्याच फलकावर जवळपास १,००० वॉट ओतते. तीन कोटी पटींहून अधिक. आजच्या साधारण मोबाइल फोनची बॅटरी १५ वॉट-तासांची धरली आणि पडलेला सारा आवाज कणभरही वाया न घालवता विजेत रूपांतरित झाला असे मानले, तरी ती एकदा भरायला ५० वर्षांहून अधिक काळ लागेल. बोलण्याचेही तसेच. सामान्य बोलण्यात माणूस जेमतेम १० मायक्रोवॉटच्या घरातील ध्वनी बाहेर टाकतो. एक कोटी माणसे एकदम बोलू लागली तरी त्यांच्या आवाजाची बेरीज १०० वॉट भरते. त्यावर छताचा एक पंखा आणि एखादा दिवा चालेल.

गोंगाटाला इंधन मानण्याची कल्पना या आकड्यांपुढे टिकत नाही, आणि ती न टिकलेलीच बरी. गोंगाट श्रवणशक्ती घटवतो, झोप मोडतो, रक्तदाब वाढवतो. वीज मिळेल या आशेने तो खपवून घेण्याजोगा सौदा कोणत्याही हिशेबात बसत नाही.

संवेदकाची भूक

मग या क्षीण ऊर्जेवर काहीच चालणार नाही काय? येथे दुसरी बाजू पाहावी लागते. गेल्या काही दशकांत आवाजाची ऊर्जा वाढली नाही, पण इलेक्ट्रॉनिक उपकरणांची भूक विलक्षण घटली. आजचा संवेदक जवळजवळ सर्व वेळ झोपलेला असतो. ठरावीक अंतराने तो क्षणभर जागा होतो, मोजमाप घेतो, आकडा धाडतो आणि पुन्हा झोपतो.

एक उदाहरण मांडून पाहू. निरोप धाडताना संवेदक ३० मिलिवॉट वीज ५ मिलिसेकंद वापरतो, असे धरले तर एका निरोपाला १५० मायक्रोज्यूल ऊर्जा लागते. झोपेतही चांगल्या बनावटीच्या संवेदकाला अर्धा मायक्रोवॉट सतत लागतो, असे समजू. आता हा संवेदक ९० डेसिबलच्या कारखान्यात, तळहाताएवढ्या, म्हणजे १०० चौरस सेंटीमीटरच्या फलकाला जोडला आहे. फलकावर १० मायक्रोवॉट पडतात. सर्व गळती वजा जाता त्यांतील दहावा हिस्सा, एक मायक्रोवॉट, हाती लागतो. झोपेचा खर्च भागवून अर्धा मायक्रोवॉट साठतो आणि दर पाच मिनिटांनी एक निरोप धाडता येतो. यंत्राच्या तापमानावर लक्ष ठेवायला एवढे पुष्कळ झाले.

मात्र हाच आवाज ८० डेसिबलवर आला की ऊर्जा दशांश होते. हाती येणारा दशांश मायक्रोवॉट झोपेलाही पुरत नाही आणि निरोप कधीच जात नाही. दहा डेसिबलचा फरक कानाला साधारण निम्म्या आवाजाएवढा वाटतो. संवेदकासाठी तो चालू आणि बंद यांतला फरक असतो. शिवाय ९० डेसिबल ही पातळीही साधी नव्हे. कामगाराने आठ तास ज्या आवाजात काम करावे, त्याची आपल्याकडील कमाल मर्यादाच ती आहे.

बोलणाऱ्याच्या आवाजावर यंत्र चालवण्याची युक्ती तशी जुनी आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या १८७६ मधील सुरुवातीच्या दूरध्वनींत बोलणाऱ्याच्या आवाजानेच पडदा हलत असे आणि चुंबकाजवळच्या त्या हालचालीतून तारेत वीज निर्माण होत असे. हेच तत्त्व सुधारून बनवलेले, बॅटरी नसलेले दूरध्वनी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी युद्धनौकांवर वापरात होते. जहाजाचा सारा वीजपुरवठा खंडित झाला तरी यंत्रकक्ष आणि कप्तान यांचे बोलणे तुटत नसे, हा त्यांचा मोठा गुण. ते चालत, कारण तोंड पडद्याला जवळपास टेकलेले असे, आवाज चहूकडे पांगण्याआधीच पकडला जाई आणि पलीकडच्या टोकाला ऐकणारा कान अत्यल्प ऊर्जेवर समाधानी असे. खुल्या हवेतला संवेदक या दोन्ही सवलतींना मुकतो.

तरफेच्या तारा

हवेतील आवाज पकडण्यातला पहिला अडथळा हवा स्वतःच आहे. हवा विरळ, तर धातू किंवा स्फटिक घट्ट. हवेतून आलेली लहर पोलादावर आदळली की तिच्या ऊर्जेचा दहा हजारांत एक भागही आत शिरत नाही. उरलेली सारी परतते. म्हणून आधी आवाज एका जागी गोळा करावा लागतो.

सतार किंवा सारंगी ऐकणाऱ्यांना याचे तंत्र ठाऊक असते. मुख्य तारांखाली ताणलेल्या तरफेच्या तारांना कोणी छेडत नाही. त्यांचा नेमका स्वर वर लागला की त्या आपोआप झंकारतात. यालाच भौतिकशास्त्रात अनुनाद म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ हरमान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात याच गुणाचे, अरुंद मानेचे पोकळ गोल वापरून आवाजातील स्वर वेगळे करून दाखवले. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की जो घुमार उठतो, तो याच प्रकारचा. असा पोकळ गोल स्वतःच्या स्वराचा आवाज आत साठवतो आणि आतला दाब बाहेरच्या कित्येक पट होतो. त्याच्या तळाशी पातळ पडदा बसवला की तो जोरात हलू लागतो.

त्या हालचालीची वीज करण्याचे मार्ग अनेक आहेत. सर्वांत रुळलेला मार्ग दाबविद्युत पदार्थांचा. पियरे आणि जाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवले, की क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठांवर विद्युतभार प्रकटतो. आज बहुधा शिसे, झिरकोनियम आणि टायटॅनियम यांची सिरॅमिक चकती वापरतात. तिची क्षमता चांगली, पण त्यात शिसे आहे आणि ती ठिसूळ आहे. लवचीक प्लास्टिकसारखे पीव्हीडीएफ नावाचे पदार्थही आहेत. ते हवेशी अधिक जुळवून घेतात, मात्र वीज कमी देतात. चुंबक आणि वेटोळ्याचा मार्ग बेल यांच्या काळापासूनचा. २०१२ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया टेक संस्थेत झोंग लिन वांग यांच्या गटाने घर्षणविद्युतवर आधारलेली जनित्रे पुढे आणली. केसांवर घासलेला फुगा भिंतीला चिकटतो, त्याच स्थिर विजेचा हा नियंत्रित उपयोग.

अनुनादाची किंमतही मोजावी लागते. तरफेची तार एकाच स्वराला साद देते. तसेच एका वारंवारतेला जुळवलेला पोकळ गोल इतर आवाजांना जवळजवळ बहिरा असतो. रस्त्यावरचा गोंगाट म्हणजे शेकडो स्वरांची खिचडी. त्यातील एखादाच धागा हाती लागतो. म्हणून एकसुरी, अखंड आवाजाच्या जागा शोधल्या जातात. आपल्या वीज उपकेंद्रांतील रोहित्रांची गुणगुण हे त्याचे उत्तम उदाहरण. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने रोहित्राचा गाभा सेकंदाला १०० वेळा आकुंचन-प्रसरण पावतो आणि १०० हर्ट्झचा स्वर रात्रंदिवस निघत राहतो. पण त्या स्वराची हवेतील तरंगलांबी जवळपास साडेतीन मीटर आहे. त्याला जुळणारी, तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढी साधी नळीही ८५ सेंटीमीटर लांब करावी लागते. काडेपेटीएवढ्या संवेदकाला एवढी लांब शेपूट! आणि मुळात रोहित्राजवळ चुंबकीय क्षेत्र इतके प्रबळ असते, की साधे वेटोळे त्यातून अधिक वीज सहज मिळवते. आवाज पकडण्याचा मोह येथे आवरलेला बरा.

शेवटची गळती सर्किटात होते. पडद्यातून निघणारी वीज दिशा बदलत राहणारी असते. ती एका दिशेला वळवण्यासाठी डायोड लागतात आणि साधारण पाव व्होल्टहून कमी दाबाची वीज तेथे अडकते. पुढे ती धारित्रात, म्हणजे कपॅसिटरमध्ये, साठवायची तर धारित्रही थोडे थोडे गळत असते. थेंबाथेंबाने भरणाऱ्या भांड्याला बारीक भोक असावे, तशी ही स्थिती.

प्रयोगशाळांतील आकडे या साऱ्याची साक्ष देतात. फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्ये चिपसारख्या तंत्राने बनवलेला लहानसा ध्वनिसंग्राहक प्रसिद्ध केला. १४९ डेसिबलच्या आवाजात त्याने दर चौरस सेंटीमीटरला ०.३४ मायक्रोवॉट वीज दिली. मुक्तपणे वाहणाऱ्या लहरीच्या हिशेबाने या पातळीच्या आवाजात दुपारच्या उन्हाच्या आसपास ऊर्जा असते. हाती आला तो तिच्यातील दोन लाखांत एकाहून कमी भाग. २००८ मध्ये त्याच विद्यापीठातून हेल्महोल्ट्झ पद्धतीच्या मोठ्या संग्राहकाने १६० डेसिबलवर सुमारे ३० मिलिवॉट मिळवल्याचे प्रसिद्ध झाले. ही भरीव झेप होती. जॉर्जिया टेकच्या गटाने २०१५ मध्ये कागदाचे, गुंडाळता येणारे घर्षणविद्युत जनित्र तयार केले. त्याने ११७ डेसिबलवर दर चौरस मीटरला कमाल १२१ मिलिवॉट दिले. म्हणजे तंत्र सुधारते आहे. आडवे येते ते आवाजाचे तुटपुंजेपण. १४९ आणि १६० डेसिबल या पातळ्या माणसाच्या वावराच्या नव्हेत. तो आवाज जेट इंजिनाच्या आवरणातला. फ्लोरिडातील काम त्याच दृष्टीने झाले होते : इंजिनाचा आवाज शोषणाऱ्या अस्तरातच असे पोकळ कप्पे असतात, तेव्हा अस्तराच्या नियंत्रणाला लागणारी वीज तेथल्याच आवाजातून काढावी.

जेथे रेडिओ पोहोचत नाही

या विषयातला खरा आशेचा भाग वेगळ्या दिशेने आला. वाटेत सापडणारा आवाज गोळा करण्याऐवजी, हवा तेवढा आवाज मुद्दाम धाडायचा आणि पलीकडच्या संवेदकाने तो विजेत बदलून घ्यायचा. काटेकोर बोलायचे तर हे ऊर्जेचे संकलन नव्हे, वहन आहे. शोधनिबंधांत आणि बातम्यांत दोन्ही एकाच नावाखाली येतात, म्हणून गोंधळ होतो. हवेत अशा वहनाला अर्थ नाही, कारण तेथे प्रकाश आणि रेडिओलहरी हे काम अधिक चांगले करतात. पण समुद्राचे पाणी, मानवी ऊती आणि धातूची भिंत या तीन जागी ते दोघे हतबल होतात आणि ध्वनी सहज चालतो.

मोबाइल आणि वायफायसाठी वापरल्या जाणाऱ्या रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात काही सेंटीमीटरांतच विरतात. सूर्यप्रकाश सुमारे २०० मीटरांखाली नगण्य होतो. ध्वनी मात्र पाण्यात सेकंदाला १,५०० मीटर वेगाने दूरवर जातो. शिवाय हवेच्या तुलनेत पाणी आणि दाबविद्युत चकती यांचे कितीतरी अधिक जमते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील फदेल अदिब यांच्या गटाने २०१९ मध्ये या आधारावर बॅटरी नसलेला पाण्याखालचा संवेदक दाखवला. दूरचा प्रक्षेपक ध्वनी सोडतो. संवेदकाची चकती त्यातून वीज घेते. उत्तर देण्यासाठी मात्र संवेदक स्वतः ओरडत नाही. तो आलेली लहर कधी परतवतो, कधी शोषतो, आणि ही उघडझाप म्हणजेच त्याचा शून्य-एकचा संदेश. दूरच्या माणसाला आरशाने कवडसा दाखवून खुणावण्यासारखे. स्वतः आवाज निर्माण करण्याचा मोठा खर्च त्यामुळे वाचतो.

२०२२ मध्ये याच गटाने ध्वनीवर चालणारा, बॅटरीविना पाण्याखाली रंगीत छायाचित्रे टिपणारा कॅमेरा ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात मांडला. रंगीत भिंग-संवेदकाला जास्त वीज लागते, म्हणून त्यांनी कृष्णधवल संवेदक घेतला आणि लाल, हिरवा, निळा असे दिवे आळीपाळीने लावून तीन चित्रे जुळवली. सध्याचे त्याचे अंतर थोडे आहे. संदेश घेणारे यंत्र ४० मीटरपर्यंत असावे लागते.

समुद्रात बॅटरी संपणे म्हणजे काय, हे भारतीय सागरशास्त्रज्ञांना चांगले ठाऊक आहे. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रामार्फत हिंदी महासागरात सोडले जाणारे आर्गो तरंगक साधारण दहा दिवसांच्या फेरीत २,००० मीटर खोलीवरून वर येत तापमान आणि क्षारता मोजतात व चार-पाच वर्षांत बॅटरी संपली की मुके होतात. त्यांना वरखाली नेणाऱ्या पंपाची गरज भागवण्याइतकी वीज ध्वनीतून मिळणार नाही. पण किनाऱ्याजवळ, मत्स्यशेतीच्या पिंजऱ्यांत किंवा बंदराच्या खांबांवर एका जागी बसणाऱ्या संवेदकांसाठी हा मार्ग विचारात घेण्याजोगा आहे.

शरीराच्या बाबतीत ध्वनीचा लाभ आकारात आहे. दहा लाख हर्ट्झच्या श्राव्यातीत ध्वनीची, म्हणजे सोनोग्राफीत वापरतात तशा ध्वनीची, ऊतींमधील तरंगलांबी दीड मिलिमीटर असते. त्यामुळे तेवढीच लहान चकती तो नीट पकडू शकते. रेडिओलहरींना इतका लहान अँटेना मानवत नाही. सुरक्षिततेची मर्यादाही उदार आहे. निदानासाठीच्या श्राव्यातीत ध्वनीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दर चौरस सेंटीमीटरला ७२० मिलिवॉटपर्यंत मुभा दिली आहे. आधीच्या उदाहरणातील कारखान्यात तेवढ्याच जागेवर एका मायक्रोवॉटचा दहावा भाग पडत होता, हे येथे आठवावे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१६ मध्ये तांदळाच्या दाण्याहून लहान असा संवेदक उंदरांच्या चेता आणि स्नायूंवर बसवण्यात आला. बाहेरून सोडलेल्या श्राव्यातीत ध्वनीवर तो चालला आणि चेतांमधील विद्युतसंकेत त्याने परतलेल्या लहरींतून कळवले.

रुग्णांपर्यंत पोहोचलेले उदाहरण संवेदकाचे नाही, पण तत्त्व तेच आहे. हृदयाच्या डाव्या कप्प्याला स्पंदनाचा इशारा देणारे, तांदळाच्या दाण्याएवढे, तार आणि बॅटरी दोन्ही नसलेले उपकरण अमेरिकेत २०२५ मध्ये मंजूर झाले. त्याला वीज मिळते ती फासळ्यांजवळ त्वचेखाली बसवलेल्या ध्वनिप्रक्षेपकाकडून. त्या प्रक्षेपकाला बॅटरी आहेच, आणि ती बदलावीही लागते. फक्त ती हृदयाच्या आत नाही. या संपूर्ण तंत्राचे मर्म तेथे दिसते. बॅटरी नाहीशी होत नाही, ती हात पोहोचेल अशा जागी आणली जाते.

धातूचे गणित सरळ आहे. बंद पोलादी टाकी रेडिओलहरींना पूर्ण अडवते, आणि उच्च दाबाच्या भांड्याला किंवा पाणबुडीच्या कवचाला तारेसाठी भोक पाडणे म्हणजे दुबळी जागा निर्माण करणे. अमेरिकेतील रेन्सेलर पॉलिटेक्निक संस्थेत पोलादाच्या सहा सेंटीमीटरांहून जाड ठोकळ्यातून ध्वनीद्वारे सुमारे ५० वॉट वीज आणि सोबत माहितीही पलीकडे नेण्यात आली. येथे गोष्ट मायक्रोवॉटची राहिली नाही.

आवाजच कळ दाबतो

हवेतील साध्या आवाजाला संवेदकांच्या जगात काही स्थान उरते की नाही? उरते, पण वीजपुरवठ्याहून वेगळे. पुष्कळ संवेदक एखाद्या घटनेची वाट पाहत असतात : काच फुटणे, पंपाचा आवाज बदलणे, नळी फुटून वाफ सुटणे. बॅटरी खर्च होते ती या वाट पाहण्यात. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, ‘डार्पा’ने, २०१५ मध्ये सुरू केलेल्या एका कार्यक्रमात असे ध्येय ठेवले, की संवेदक झोपेत १० नॅनोवॉटहून कमी वीज वापरेल आणि हवा असलेला संकेत स्वतःच्या ऊर्जेने त्याला जागे करील. आवाजाने येथे यंत्र चालवायचे नसते, फक्त कळ दाबायची असते, आणि तेवढे बळ त्याच्यात असते.

स्वित्झर्लंडमधील ईटीएच झुरिच या संस्थेतील संशोधकांनी हा विचार आणखी पुढे नेला. त्यांनी सिलिकॉनच्या सूक्ष्म पट्ट्या बारीक दांड्यांनी एकमेकींना जोडल्या. त्या दांड्या स्प्रिंगसारख्या वागतात. त्यांची रचना अशी केली, की ठरावीक शब्द उच्चारला की कंपन जाळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचते आणि इतर शब्दांना ते वाटेतच विरते. इंग्रजीतील ‘थ्री’ आणि ‘फोर’ या दोन शब्दांत तो फरक करतो. शब्द ओळखण्याचे काम पूर्णतः आवाजाच्याच ऊर्जेवर होते. बॅटरीला हात लागतो तो शब्द ओळखला गेल्यानंतर.